चांगल्या गुडघ्यांची बातमी

त्या दिवशी सकाळपासून मापवाल्यांचं एका जागी बूड टेकत नव्हतं. दुकान उघडून तासही झाला नव्हता, तेवढ्यात त्यांनी खिडकीतले जोडे काढून पुन्हा मांडले, मांडलेले पुन्हा काढले, आणि कुणी मागितलेली नसताना माळ्यावरची शिडी खाली ओढली. कारण एवढंच होतं की सकाळी चहा पिता पिता बायकोने एक प्रश्न विचारला होता.

"अहो, गुडघे बदललेली इतकी माणसं आपल्या दुकानात येतात. त्यातलं एकही बरं झालं नाही का हो?"

"बघू, विचारतो," असं काहीतरी पुटपुटून मापवाल्यांनी उरलेला चहा उभ्यानेच संपवला आणि किल्ल्या उचलल्या. तेव्हापासून तो प्रश्न त्यांच्या मागे लागला होता.

आता गुडघे बदललेल्या माणसांचं चपलाबुटांच्या दुकानात काय काम, असं कुणालाही वाटेल. पण ते अगदी साधं आहे. गुडघा वाकडा झाला की जोडा एका बाजूने झिजतो. ऑपरेशनने पाय सरळ झाला की तोच झिजका जोडा त्याला पुन्हा वाकड्यात नेऊ पाहतो. शिवाय सुरुवातीला खाली वाकून नाड्या बांधता येत नाहीत, पाय सुजलेला असतो, तळ घसरडा चालत नाही. मग माणसं नवा जोडा घ्यायला येतात, आणि गावात तसल्या कामाला मापवाल्यांइतका चिकाटीचा दुकानदार दुसरा नव्हता. गिऱ्हाईक कितीही छातीठोकपणे आपला नंबर सांगो, ते जमिनीवर एक गुडघा टेकवून पाय स्वतः मोजल्याशिवाय खोकं उघडत नसत. त्यावरूनच त्यांना लोक मापवाले म्हणत. पाय मोजताना माणूस बोलतो. मापवाले ऐकत. गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल त्यांच्या कानावर जेवढं पडलं असेल तेवढं एखाद्या कंपाउंडरच्याही कानावर पडलं नसेल.

आणि त्यांच्या बायकोचा उजवा गुडघा पार गेलेला होता.

बायकोला गावात सगळे टपालबाई म्हणत. निवृत्त होईपर्यंत त्यांनी घरोघरी टपाल वाटलं. लग्न झालं तेव्हापासून त्यांच्या पायाला भिंगरी. सकाळी अंधारात बाहेर पडायच्या त्या दिवेलागणीला परत यायच्या, आणि सुट्टीच्या दिवशीही कुठे टेकडीवर, कुठे नदीकाठाने, पाय मोकळे करायला जायच्या. मापवाले दुकानात, बाई रस्त्यावर. रात्री दोघं एका टेबलाशी जेवायचे तेव्हा एक पेंगत असायची आणि दुसरा हिशेबात. भांडण म्हणून कधी झालं नाही. भांडायलाही माणसं समोरासमोर असावी लागतात.

मग गुडघा गेला. आधी जिना नको झाला, मग टेकडी, मग साधा रस्ता. घरी बसून भिंती बघायच्या त्यापेक्षा दुकानात बसते, म्हणून टपालबाई खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसू लागल्या. गेली चार वर्षं त्या तिथेच होत्या. नव्या बुटांत नाड्या ओवायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायच्या, आणि गिऱ्हाईक नसलं की नवऱ्याशी बोलायच्या. कुठल्या घरातलं कुत्रं पत्र फाडायचं, कुठल्या म्हातारीला कुणाचंच पत्र येत नसे म्हणून त्या तिला जाहिराती नेऊन द्यायच्या, कुठला मुलगा परीक्षेचा निकाल लपवायला फाटकाशी उभा राहायचा. मापवाल्यांनी जन्मात जेवढं बायकोचं बोलणं ऐकलं नव्हतं, तेवढं या चार वर्षांत ऐकलं. दुपारी दुकान रिकामं असायचं, त्या बोलायच्या, हे बुटाला पॉलिश करायचे, आणि मनात म्हणायचे की हे असंच चालू दे.

हे सगळं एका बिघडलेल्या गुडघ्याच्या कृपेने, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गुडघा बरा झाला की पाखरू भुर्रकन उडणार.

म्हणून ते काही दुष्ट माणूस होते असं नाही. बायको जिन्यात थांबून कठड्याला धरून श्वास घ्यायची तेव्हा हे हातातलं काम टाकून तिच्यामागे जाऊन उभे राहायचे. त्यांनी तिच्यासाठी मऊ तळ केले, एका बाजूने उंच केलेले तळ केले, टाचेखाली गाद्या घातल्या. शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी रोज तेच भरायचे. तिला दुखू नये असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि तिने त्या खुर्चीतून उठू नये असंही तितकंच मनापासून वाटायचं. या दोन इच्छा एका माणसात कशा राहतात ते विचारू नका, राहतात.

खोटं मात्र मापवाले एकदाही बोलले नाहीत. त्यांनी फक्त निवडून सांगितलं. बेकरीवालीच्या नव्या गुडघ्यात जंतू शिरले आणि तो परत उघडावा लागला, हे त्यांनी जेवताना सविस्तर सांगितलं. गाण्याच्या मास्तरांनी दुखतंय म्हणून व्यायाम केला नाही आणि गुडघा अर्ध्यावर अडकून बसला, हेही सांगितलं. कोर्टातल्या कारकुनाच्या पोटरीत रक्ताची गाठ झाली, ती तर दोनदा सांगितली. पण पोहायला शिकवणारे मास्तर पुन्हा तलावात उतरले, घरं रंगवणारा रंगारी काठी टाकून सरळ चालत आला, हे सगळे नवे जोडे घालून दुकानाबाहेर पडले आणि त्यांची बातमी मापवाल्यांच्या पोटातच राहिली.

तर त्या दिवशी, अकराच्या सुमारास, शाळेच्या हेडबाई दुकानात आल्या.

मापवाल्यांनी त्यांना दारातून पाहिलं आणि "तुमच्या मापाचं वरच आहे" म्हणत ते नमस्कारही न करता शिडी चढले. माळ्यावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण मोठीच चूक केली. हेडबाई खाली आणि बायकोही खालीच होती.

"टपालबाई, अजून तशाच का तुम्ही?" हेडबाईंचा आवाज आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला आवाज, माळ्यापर्यंत सहज पोचला.

"तशीच म्हणजे?"

"काठी घेऊन. मला वाटलं एव्हाना तुमचं झालं असेल. मी तुमच्या यांना सगळं सांगितलं होतं की. हिवाळ्यात. चांगलं अर्धा तास."

मापवाले दोन खोकी छातीशी धरून वाकलेले तसेच उभे राहिले.

"काय सांगितलं होतंत?" टपालबाईंनी विचारलं.

"सगळंच. पहिले पंधरा दिवस आई आठवते, ते सांगितलं. खोटं कशाला बोलू? पाय सुजून भोपळा होतो, रात्री झोप लागत नाही. व्यायाम घ्यायला एक पोरगी यायची, तिला मी मनात काय काय म्हणायची ते इथे बोलण्यासारखं नाही. पण एक दिवस शाळेचा जिना उतरले आणि खाली आल्यावर लक्षात आलं की कठडा धरलाच नव्हता. मी तिथेच रडले हो. शिपाई घाबरला."

"आणि जंतू?"

"त्यासाठी तर आधी दात दाखवायचे. माझी एक दाढ किडलेली होती, ती आधी काढायला लावली. तोंडातले जंतू गुडघ्यापर्यंत जाऊ शकतात म्हणे. साखर तपासली, वजन थोडं उतरवलं, मांडीचे व्यायाम आधीच सुरू केले. घरातले गालिचे गुंडाळून माळ्यावर टाकले, पाय अडकायला नको. आता जखमेच्या बाजूची कातडी अजून बधिर आहे, आणि गुडघा टेकून बसायला मला नको वाटतं. पण मी चालते. यांना म्हटलं होतं, बाईंना माझ्याकडे पाठवा, मी गुडघा दाखवते."

"विसरले असतील," टपालबाई म्हणाल्या.

मापवाले खाली उतरले. चेहरा असा की कुणी भर वर्गात बाकावर उभं केलंय. हेडबाईंचा पाय मोजताना त्यांनी मान वर केली नाही, आणि जोडा पहिल्याच वेळी बरोबर बसला तरी उगाच दुसरा घालून पाहिला. हेडबाई बाहेर पडल्या. काचेतून दिसेनाशा होईपर्यंत टपालबाई त्यांची चाल बघत राहिल्या.

"अजून कोण कोण?" त्यांनी विचारलं.

"काय, कोण कोण?"

"बरे झालेले."

मापवाल्यांनी मोजपट्टी पुसायला घेतली. "पोहण्याचे मास्तर."

"अजून?"

"तो रंगारी."

"अजून?"

"आहेत असे काही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला उगाच भीती वाटेल म्हणून."

"चांगलं ऐकून मला भीती वाटेल?" टपालबाईंनी शांतपणे विचारलं. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. हातातल्या बुटाची नाडी शेवटच्या भोकातून काढून तिची दोन्ही टोकं सारखी केली आणि फोन उचलून हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

ती वेळ येईपर्यंतचे दिवस मापवाल्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. टपालबाई दुकानात यायच्या, बसायच्या, गिऱ्हाइकांशी बोलायच्या. नवऱ्याशी कामापुरतं बोलायच्या. दुपारी दुकान रिकामं झालं की त्या खिडकीबाहेर बघायच्या आणि हे पॉलिश केलेल्या बुटाला पुन्हा पॉलिश करायचे. ज्या एकटेपणाला ते भीत होते तो बायको खुर्चीत बसलेली असतानाच आला होता. हे मात्र त्यांच्या हिशेबात कधीच नव्हतं.

दवाखान्यात दोघं वेळेआधीच पोचले, कारण मापवाल्यांनी घाई केली, आणि मग तिथे त्यांना बसवेना. भिंतीलगत ओळीने माणसं बसलेली. कुणाच्या जोड्याची बाहेरची कड गेलेली, कुणाची आतली. मापवाले येरझाऱ्या घालत सगळ्यांचे तळ वाचत होते. नर्सने दोनदा सांगितलं, "काका, बसा ना." शेवटी एकदा डॉक्टरांनी आत बोलावलं. डॉक्टर वयाने लहान होता आणि त्याच्या जोड्यांच्या टाचा पार घासलेल्या होत्या. ज्याला आपली टाच सांभाळता येत नाही तो दुसऱ्याचा गुडघा काय सांभाळणार, असं वाटून मापवाल्यांना घडीभर बरं वाटलं.

डॉक्टरने एक्स-रे उजेडासमोर धरला. "घासलाय. चांगलाच. पण मी फोटो बघून ऑपरेशन करत नाही. फोटो भयंकर आणि माणूस मजेत, अशीही माणसं माझ्याकडे येतात. तुमचं काय अडतं ते सांगा."

टपालबाईंनी सांगितलं. रात्री कूस बदलताना जाग येते. जिना चढवत नाही, उतरवत तर त्याहून नाही. गोळ्या झाल्या, व्यायाम झाला, इंजेक्शनंही घेऊन झाली, त्याने काही महिने बरं वाटलं आणि पुन्हा तेच. "आणि यांनी केलेले तळ. ते सगळे घातले मी. त्यांना वाईट वाटू नये म्हणून काही जास्तच दिवस घातले."

"आणि गुडघा बरा झाला तर काय करायचंय तुम्हाला?"

"बाहेर पडायचंय," टपालबाई म्हणाल्या.

उत्तर द्यायला त्यांना विचार करावा लागला नाही.

डॉक्टरने मग लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. यात घाई काहीच नाही, आज ठरवा की वर्षाने, गुडघा कुठे पळून जात नाही. पण फार उशीर केला तर मांडी सुकते आणि मग उभं राहायला जास्त वेळ लागतो. नवा सांधा बहुतेकांचा पंधरा-वीस वर्षं टिकतो, पुढेही जातो, पण हमी लिहून मिळत नाही. "आणि दहांतले एक-दोन जण सगळं नीट होऊनही खूश नसतात. त्यातल्या पुष्कळांना वाटत असतं की विशीतला गुडघा परत मिळेल. तसा नाही मिळत. दुखणं कमी होतं, चालणं वाढतं. एवढंच मी कबूल करतो." मग तो मापवाल्यांकडे वळला. "तुम्हाला काही विचारायचंय?"

विचारायचंय म्हणजे काय! मापवाल्यांनी जंतू विचारले, रक्ताची गाठ विचारली, अडकलेला गुडघा विचारला, भूल दिल्यावर जाग आलीच नाही तर, तेही विचारलं. डॉक्टर प्रत्येकाला मान हलवत गेला. "होतं. थोड्या जणांना होतं, पण होतं. ते होऊ नये म्हणून काय करायचं ते आम्ही करतो, आणि काही तुम्हाला करावं लागतं." मग त्याने दोघांकडे पाहिलं. "घरी कोण असेल? पहिले काही आठवडे जवळ माणूस लागतं. रोज गुडघा वाकवायला लावणारं. दया येऊन राहू दे म्हणणारं नको, तसल्या माणसाने नुकसानच होतं."

मापवाल्यांनी तोंड उघडलं. पण टपालबाई आधी बोलल्या.

"बघते मी कोण मिळतं ते."

त्या एवढंच म्हणाल्या, तेही रागाने नाही. एखाद्या दुकानात हवं ते मिळत नाही हे ठाऊक असल्यावर माणूस दुसरीकडे बघतो, तसं म्हणाल्या. मापवाल्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. आयुष्यभर एका घरात राहिलेल्या बायकोने आपला पाय कुणाच्या हातात द्यायचा याचा विचार केला आणि त्यात नवरा धरलाच नाही. ज्या माणसाने गावभरचे पाय हातात घेतले, त्याला हे ऐकावं लागलं.

बाहेर आल्यावर बसथांब्यावर बाक होतं. टपालबाई काठीवर भार देत बसल्या. मापवाले उभेच होते, मग बसले, मग पुन्हा उठले.

"बसा हो एका जागी," त्या म्हणाल्या. "मला चक्कर येते तुमच्याकडे बघून."

ते बसले. समोरून एक सायकलवाला गेला. मापवाल्यांनी त्याच्या पायांकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुला भीती वाटेल म्हणून नव्हतं ते," ते म्हणाले. "मला भीती वाटत होती."

"ऑपरेशनची?"

"ऑपरेशन नीट होण्याची." आता सुरुवात झालीच होती, तर ते बोलत सुटले. "तू चालायला लागलीस की जाशील. सकाळी निघशील, संध्याकाळी येशील, आणि मी परत तिथे एकटा. चार वर्षं तू त्या खिडकीत बसलीस. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. तुझा गुडघा दुखतोय आणि मला बरं वाटतंय. असला माणूस आहे मी. आता बोल काय बोलायचं ते."

टपालबाईंनी त्यांच्याकडे न बघता काठी पुढे घेतली आणि तिच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. मापवाल्यांना वाटलं, संपलं सगळं.

"माझी फेरी दुपारी दोनलाच संपायची," त्या म्हणाल्या.

"कुठली दोनला? तुला तर अंधार व्हायचा."

"दुसऱ्यांच्या फेऱ्या मागून घ्यायचे. कुणाची टेकडीवरची, कुणाची नदीपलीकडची. सगळ्यांना वाटायचं हिला चालायची हौस आहे." त्या काठीच्या मुठीकडे बघत होत्या. "लग्न नवीन होतं तेव्हा एकदा फेरी संपवून मी दुकानात आले होते. तुमच्याजवळ बसावं म्हणून. तुम्ही कुणाचा तरी पाय मोजत होता. मान वर न करता म्हणालात, काय काम आहे? मला वाटलं, यांना एकट्यालाच बरं वाटतं. मग मी कशाला येऊ परत?"

मापवाल्यांनी आठवून पाहिलं. त्यांना तो दिवस आठवेना. पण आपण तसं म्हणालो असणार यात त्यांना तिळमात्र शंका वाटली नाही. दुकानात येणाऱ्या कुणालाही ते तसंच विचारत. एवढ्या वर्षांचं ते सगळं चालणं, त्या सगळ्या टेकड्या, ते रात्रीचं पेंगणं, सगळं त्यांच्यासमोर येऊन उभं राहिलं.

"मला नव्हतं गं बरं वाटत," ते म्हणाले.

"मग सांगायचंत."

"गुडघा मी वाकवीन. रोज."

"तुम्हाला दया येईल."

"येईल. रडूही येईल. तरी वाकवीन."

टपालबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं, गिऱ्हाइकाने जोडा उलटसुलट करून बघावा तसं. "आणि मग मी बाहेर पडले की?"

"पड," मापवाले म्हणाले. तेवढ्यावर थांबावं असं त्यांना वाटलं, सवयच होती. पण त्यांनी पुढचं बोलून टाकलं. "फक्त दुपारी दोनला दुकानात ये. मी वाट बघीन."

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरने दोघांकडे पाहिलं. मापवाले सवयीने घाईघाईत उठले आणि बायकोला आधार द्यायला हात पुढे केला. टपालबाईंनी तो हात धरला, पण उठायला नाही. धरून त्यांना खाली ओढलं आणि परत बाकावर बसवलं.

"पुढची घेऊ," त्या म्हणाल्या.